बाराच्या खेळाला मराठी, साडेसहाला डबिंग: आमच्या थेटरचा या आठवड्याचा कागद

मागची रांग

काल संध्याकाळी मासळी घेऊन परतताना थेटरच्या भिंतीवर नवा कागद दिसला. गाव गोव्याच्या खाणपट्ट्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. मालक ओळखीचा आहे आणि मध्यंतरात सोडा प्यायला मला त्याच्याच कँटिनसमोर उभं राहायचंय. तर या आठवड्याचे खेळ असे:

रोज दुपारी १२ – नवा मराठी कौटुंबिक, पहिला आठवडा.
रोज ३ आणि ६.३० – तेलुगूतून हिंदीत आलेला हाणामारीचा, दुसरा आठवडा.
शनिवार-रविवार रात्री ९.३० – तोच.
रविवारी सकाळी १० – कोकणी चित्रपट, फक्त एक खेळ.

दुपारी बाराला थेटरात कोण येणार? मास्तर शाळेत, दुकानदार दुकानात, सरकारी नोकर पणजीत. एकला दुकानं बंद होतात खरी, पण तेव्हा गोंयकार शीत-कडी जेवून आडवा होतो, पिक्चरला जात नाही. उरले कॉलेज बुडवणारे आणि उन्हातून सावलीला आलेले. गुरुवारपर्यंत असंच रखडतं, मग मालक मान हलवतो, 'मराठी चालना रे', आणि शुक्रवारी कागद बदलतो. वर्षभरात मी हे चार-पाचदा तरी बघितलंय. पोराला उपाशी ठेवायचं आणि अंग धरत नाही म्हणून त्यालाच नावं ठेवायची, अशातली गत.

मल्टिप्लेक्सचं समजू शकतो. तिथं कुठला चित्रपट किती वाजता, हे मुंबईत बसलेला माणूस ठरवतो, त्याला आमच्या गावची जत्रा कधी ते ठाऊक नसतं. पण आमच्या थेटरचा मालक स्वतः गल्ल्यावर बसतो. कोणाचं लग्न कधी, कुठल्या वाड्यावर काला कधी, सगळं त्याला पाठ. एवढं स्वातंत्र्य असून कागद मात्र मल्टिप्लेक्ससारखाच लावायचा असेल तर ते एक पडद्याचं थेटर राहून उपयोग काय?

पहिला कोकणी चित्रपट, 'मोगाचो आंवडो', २४ एप्रिल १९५० ला लागला. म्हणजे पोर्तुगीज इथं असताना. आणि आज आपलं राज्य असताना कोकणी चित्रपटाला रविवारी सकाळची दहाची वेळ, जेव्हा अर्धं गाव मार्केटात आणि अर्धं चर्चमध्ये.

माझी मागणी एवढीच. दर मंगळवारी साडेसहाचा खेळ मराठी किंवा कोकणी चित्रपटाला. बाकी सहा दिवस काय हवं ते लावा. देवळासमोर रात्रभर मराठी नाटक बघत बसणारं हे गाव आहे, ते अडीच तास थेटरात बसणार नाही, हे मला पटत नाही.

रोखठोक कुळागर

एकच प्रश्न. तुम्ही स्वतः वर्षभरात तिकीट काढून किती मराठी चित्रपट थेटरात बघितले? मोबाइलवर बघितलेले, भाच्याने पेन ड्राइव्हवर दिलेले आणि टीव्हीवर रविवारी दुपारी लागलेले धरायचे नाहीत.

आणि जत्रेतल्या नाटकाचा दाखला देऊ नका हो. ते नाटक फुकट असतं. शिवाय त्यात आपला चुलतभाऊ राजा असतो आणि शेजारचा पोर राणी. तो संवाद विसरतो कधी, हे बघायला लोक पहाटेपर्यंत जागतात. तिकीट लावून बघा, दुसऱ्या अंकाला देव आणि मानकरी एवढेच उरतील.

थेटर हा धंदा आहे. भाषेचं ऋण फेडायला मालकाने कर्ज काढलेलं नाही.

मागची रांग

चार बघितले. त्यातले दोन याच थेटरात, बाराच्या खेळाला, रजा टाकून. तिकिटं जपून ठेवायची सवय नाही, नाहीतर फोटो टाकला असता.

माजी ऑपरेटर

मी गोव्यातल्याच एका थेटरात बावीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. कार्बनच्या कांड्या जाळण्यापासून झेनॉनपर्यंत आणि शेवटी डिजिटलची पेटी आल्यावर नुसतं बटण दाबण्यापर्यंत. म्हणून थोडं लांबवर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट. 'मालक ठरवतो' हे अर्धंच खरं. गोवा वितरणाच्या हिशेबात मुंबई सर्किटमध्ये, म्हणजे मुंबईच्या वितरकांच्या हद्दीत येतो. मोठा चित्रपट हवा असेल तर वितरक एक पडद्याच्या थेटरला सांगतो, सगळे खेळ आम्हाला द्या, नाहीतर चित्रपट दुसऱ्या थेटरला जाईल. पाच पडदेवाल्याला हे तेवढं बोचत नाही, तो दुसऱ्या पडद्यावर काहीतरी लावतो. एक पडदेवाला मात्र तिथंच अडकतो. २०१२ च्या दिवाळीत दोन मोठे हिंदी चित्रपट एकाच दिवशी आले तेव्हा ह्याच अटींवरून भांडण थेट स्पर्धा आयोगाकडे गेलं होतं. आयोगाने तक्रार फेटाळली. म्हणजे ही अट चालू आहे आणि चालू राहणार. तुमच्या मालकाने बाराचा खेळ सोडवून घेतला हीच मला मोठी गोष्ट वाटते. दुसरा आठवडा आहे म्हणून जमलं असेल.

दुसरी गोष्ट पैशांची. मल्टिप्लेक्सचं २००९ च्या निर्माते-वितरकांच्या संपानंतर ठरलं: गल्ल्यातले वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, पुढं ३०. आम्हा एक पडदेवाल्यांचं ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणं. पण सोयीसाठी निम्मं धरा. तिकीट शंभर रुपये, त्यावर कर वेगळा. बाराच्या खेळाला चौदा माणसं. म्हणजे १,४०० रुपये, त्यातले ७०० मालकाचे. त्यात एसी, वीज, डोअरकीपर, झाडणारी बाई आणि ऑपरेटर. एसीला माणसं मोजता येत नाहीत. चौदा असली काय, चारशे असली काय, तो तेवढीच वीज खातो.

मराठी निर्मात्याचीही गंमत बघा. रिळं गेली तेव्हा सगळे म्हणाले, आता प्रिंटचा खर्च वाचला, छोट्या चित्रपटांची चांदी. प्रत्यक्षात प्रत्येक पडद्यामागे डिजिटल शुल्क भरावं लागतं. एक खेळ बाराचा मिळाला तरी शुल्क चुकत नाही.

आमच्या वेळी दोन गावांत मिळून एकच प्रिंट असायची. इथलं पहिलं रीळ संपलं की पोरगा ते स्कूटरवर घालून दुसऱ्या गावाला न्यायचा. तिथला खेळ अर्धा तास उशिरा. एकदा पावसात रस्त्यात झाड पडलं आणि तिकडच्या लोकांनी मध्यंतर दीड तासाचं भोगलं. तेव्हा कोणी दगड मारला नाही, सगळी कँटिनवर भजी खात बसली. असो.

तिसरी गोष्ट मात्र तुम्ही खाणपट्ट्यातले असून लिहिली नाहीत. रात्रीचा साडेनऊचा खेळ फक्त शनिवार-रविवार का उरला? आमच्याकडे तो खेळ ट्रकवाल्यांचा होता. दिवसभर धूळ खाऊन ट्रक लावायचे, अंघोळ करायचे आणि थेटरात यायचे. निम्मे बाहेरगावचे, घरी बायकापोरं नाहीत, जाणार कुठं? त्यांना हाणामारी लागायची आणि त्यांच्या जिवावर बाकीचे खेळ चालायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा पहिल्याच महिन्यात रात्रीचा गल्ला खाली आला. मध्ये सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. तोवर ट्रक विकले गेले होते, ड्रायव्हर गावी गेले होते. खाणी पुढं हळूहळू सुरू झाल्या तरी तो प्रेक्षक परतला नाही. तेव्हा मालक हिंदी-तेलुगू लावतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर ते भरलेलं थेटर असतं, एवढं ध्यानात घ्या.

मागची रांग

ऑपरेटरकाका, खाणींचं मी लिहायला हवं होतं. आमच्या घरातही एक ट्रक होता, त्या विषयावर लिहायला बसलं की भलतीकडेच जातो, म्हणून टाळलं.

पण तुमच्याच लिहिण्यातून माझा मुद्दा निघतो. तो प्रेक्षक गेला, परत आला नाही. मग त्याच्यासाठी लावलेला कागद अजून का तसाच? आणि मी पहिल्या आठवड्यातला खेळ मागत नाहीये. दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार मागतोय, ज्या दिवशी हाणामारीलाही वीस-पंचवीस डोकी असतात. मालकाने स्वतः सांगितलंय.

शिफ्ट बी

मी औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे, माझ्या हाताखाली साठ-सत्तर माणसं. कर्नाटक, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश. 'तो प्रेक्षक परत आला नाही' असं वाचलं आणि हसू आलं. तो प्रेक्षक बदलला, गेला नाही. रविवारी तीनच्या खेळाला येऊन बघा. माझ्या लाइनवरची पोरं इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना पाणी लावून रांगेत असतात. खोलीत सात जण राहतात. थेटर हीच त्यांची आठवड्यातली एकमेव थंड जागा.

तुम्ही सगळे 'गाव' म्हणता तेव्हा ती पोरं गावात धरता की नाही? चवथीला वर्गणी मागायला त्यांच्या खोलीवर जाता ना? तिकीट काढणारे तेच, मग कागदही त्यांच्या आवडीचा असला तर कुणाचं काय बिघडतं? मंगळवार घ्या हवा तर, त्या दिवशी आमची पोरं ओव्हरटाइमला असतात. पण रविवारच्या वाटेला जाऊ नका. कोकणी चित्रपटाला सकाळी दहाची वेळ का, तर दुपारपासून थेटर त्यांचं असतं म्हणून.

रोखठोक कुळागर

शिफ्ट बी यांच्याशी शब्दशः सहमत. ह्या धाग्यावर पहिल्यांदा कोणीतरी प्रेक्षक प्रत्यक्ष बघून लिहिलं.

पणजीकर नाइलाजाने

मुळात तुम्ही लोक चुकीच्या जागी भांडताय. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात आहे. दर नोव्हेंबरात जगभरचे चित्रपट पणजीत येतात. सवय लागायची तर अशा चित्रपटांची लागायला हवी. केरळात बघा, तिथं 'चित्रलेखा' ही फिल्म सोसायटी १९६५ मध्ये निघाली आणि मग गावोगाव मंडळं झाली. तिथल्या रिक्षावाल्यालाही दिग्दर्शकांची नावं ठाऊक असतात. आपण वीस वर्षं इफ्फी भरवून काय मिळवलं, तर पणजीत नोव्हेंबरात पार्किंग मिळत नाही.

तुमच्या गावात फिल्म सोसायटी काढा. पन्नास सभासद, वार्षिक वर्गणी, महिन्याला दोन चित्रपट. थेटर भाड्याने घ्या नाहीतर सरकारी रवींद्र भवनाचं सभागृह मागा. मालकाच्या पाया पडायची गरज नाही.

रोखठोक कुळागर

पन्नास सभासद. पहिल्या महिन्याला पंचेचाळीस येतील, तिसऱ्याला अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. चौथ्या महिन्यात खजिनदार आणि सचिव बोलायचे बंद होतील. आमच्या गावातल्या वाचनालयाचं हेच झालंय.

मागची रांग

पणजीकर, सोसायटीची कल्पना वाईट नाही, पण ती चित्रपट आवडणाऱ्यांसाठी. मला जे लोक हवेत त्यांना चित्रपट आवडतो की नाही हेच अजून ठाऊक नाही. माझी आई 'सोसायटी'त येणार नाही. थेटरात येईल, जवळ आहे म्हणून आणि मध्यंतरात भजी मिळतात म्हणून.

आणि रवींद्र भवनाचं म्हणाल तर बरोबर आहे, 'नाचुंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट त्याच्या निर्मात्यांनी सभागृहांतून स्वतः खेळ लावूनच दाखवला. पण त्यामागे सगळा गोंय उभा राहिला, जुन्या कांतारांची, म्हणजे कोकणी गाण्यांची मोहिनी होती. दर महिन्याला तसं होत नाही. 'पल्तडचो मनीस' या कोकणी चित्रपटाला २००९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवरचा चित्रपट, सैल मराठीतही लिहितात, आपल्या घरात त्यांची पुस्तकं आहेत. आमच्या वाड्यावर तो किती जणांनी बघितलाय, विचारून पाहा. मी विचारलंय. दोघांनी, त्यातला एक मी.

देवनागरी की रोमी

मराठी चित्रपटाला आठवड्याचे सात खेळ आणि कोकणीला एक, यावर कोणालाच काही वाटत नाही? राजभाषा कायदा १९८७ चा आहे, त्यात राजभाषा कुठली लिहिलीय ते एकदा वाचा.

माजी ऑपरेटर

झालं. आता गोवा महाराष्ट्रात जावा की नाही, त्या १९६७ च्या कौलापर्यंत जाऊन या आणि मग परत या. मी चहा ठेवतो तोवर.

बाळा, कोकणी चित्रपट वर्षाला निघतात किती? जे आहेत ते लागले तर सात काय, चौदा खेळ मागू. आधी मंगळवार तर मिळू दे, मग आपसात वाटून घेऊ.

तीन ते सहा

तीन दिवस नुसती वाचते आहे. शेवटी लिहायला बसले.

बारा वाईट, साडेसहा चांगली, रविवार कुणाचा, खाणवाले, कारखान्यातली पोरं, सोसायटी. सगळं वाचलं. कौटुंबिक चित्रपट बघतं कोण, हे एकानेही विचारलं नाही. २०२३ साली सहा बहिणींची गोष्ट सांगणारा मराठी चित्रपट आला तेव्हा बायकांचे घोळके साड्या नेसून थेटरात गेले होते. कोणाच्या नवऱ्याने नेलं नव्हतं. आम्ही आमच्या वाड्यावरच्या अकरा जणी मिनीबस करून दुसऱ्या गावाला गेलो, कारण इथं तो बाराला लागला होता आणि बाराला आमची कढईत फोडणी असते.

आता मागची रांग साडेसहा मागतायत. ती वेळ त्यांच्या ऑफिसच्या सोयीची. साडेसहाला देवाकडे दिवा, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांची गोळी. खेळ सुटतो नऊला. शेवटची बस तोवर गेलेली. मग कोणाला तरी फोन करायचा, 'न्यायला या', आणि घरी गेल्यावर त्याचा चेहरा बघायचा. त्यापेक्षा चित्रपट नको.

आमची वेळ तीन ते सहा. जेवणं झालेली, भांडी घासलेली, घरातले झोपलेले. ह्या तीन तासांत आम्ही कुठं आहोत हे कोणी विचारत नाही. तो खेळ हाणामारीला कशाला?

दुसरं. बायकांच्या बाथरूममध्ये दिवा नाही. मागच्या वेळी मैत्रिणीने दाराशी मोबाइलची बॅटरी धरली आणि मी आत गेले. बाल्कनीत मागं बसून काही जण बाटल्या काढतात आणि डोअरकीपर तिकडं बघत नाही. चित्रपट मराठी लावा, कोकणी लावा, नाहीतर जपानी लावा, हे दोन प्रश्न असेपर्यंत मी माझ्या मुलीला पाठवणार नाही. भाषेवर तुम्ही चाळीस प्रतिसाद लिहाल. बल्बवर एक लिहा.

शिफ्ट बी

तीनचा खेळ मधल्या दिवशी रिकामाच असतो. सेकंड शिफ्ट दोनला सुरू होते, फर्स्टवाली पोरं झोपलेली असतात. मंगळवारी तीनला माझ्याकडची पाचसुद्धा नसतील. घ्या तुम्ही.

मागची रांग

तीन ते सहा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बरोबर आहे, साडेसहा ही माझी सोय होती, मी तिला गावाची सोय म्हणालो. आईला विचारलं, तीही तीन म्हणाली. 'तुका कोणे सांगलें हांव सांजे भायर सरतां म्हूण?' असं वर ऐकवलं.

पण मग मी आणि माझ्यासारखे नोकरीवाले गेले का? तीनला मला परत रजा टाकावी लागेल.

रोखठोक कुळागर

तुम्ही टाका की रजा. भाषेसाठी.

(हलकेच घ्या.)

माजी ऑपरेटर

तीनच्या वेळेचा एक धंद्याचा फायदा कोणी बोललं नाही. बायका आल्या की कँटिन चालतं. तिकिटातला निम्मा पैसा वितरकाचा, पण भज्यातला एक पैसाही त्याचा नाही. आमचे मालक म्हणायचे, पडदा मुंबईवाल्याचा, कढई माझी. ट्रकवाले थेटरात यायचे ते बाहेरून खाऊन. बायका-पोरं मध्यंतरात खातात, सोडा पितात, घरी न्यायला पुडी बांधून घेतात. मालकाला भाषेचं सांगू नका, कढईचं सांगा.

आणि बल्ब मालकाच्या हातातला आहे. त्याला वितरक विचारावा लागत नाही.

पणजीकर नाइलाजाने

कराचंही सांगा त्याला. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. शंभरच्या वर १८ तसाच. मल्टिप्लेक्सला त्याचा फार उपयोग नाही, पण तुमच्या मालकाला आहे. बाल्कनीही शंभरात ठेवली तर सगळं थेटर ५ टक्क्यांत बसतं.

रोखठोक कुळागर

तुम्ही सगळे इथं लिहीत बसलात, मी काल संध्याकाळी जाऊन मालकाशी बोलून आलो. होय, मीच. मी अजून तुमच्या विरुद्धच आहे, पण अर्धवट माहितीवर भांडायला मला आवडत नाही.

तो गल्ल्यावर होता. धाग्यातलं सगळं सांगितलं, बाथरूमचंसुद्धा. बाथरूमला 'बल्ब चोरतात' म्हणाला. कोण चोरणार, विचारलं, तर गप्प. मंगळवारचं म्हणालो, तर हिशेबाची वही काढून दाखवली. गेल्या मंगळवारी तीनच्या खेळाला एकोणीस माणसं. मग कोकणीत एवढंच म्हणाला, 'तूं साठ तिकिटां काड, हांव खेळ लायतां.' सोमवारी दुपारी बारापर्यंत साठ तिकिटांचे पैसे हातात, तर मंगळवारी तीनला मराठी चित्रपट, बाराचा खेळ त्या दिवशी हाणामारीला. वितरकाला फोन तो करणार. दुसऱ्या आठवड्यात अशी अदलाबदल चालते म्हणाला. साठ झाली नाहीत तर पैसे परत आणि मग 'हो विशय परत म्हजे म्हऱ्यांत काडप ना', म्हणजे पुन्हा हा विषय त्याच्यापाशी काढायचा नाही.

मला वाटतं तुमची तीस होतील. पस्तीस फार तर. पण पैसे गोळा करायचं काम मी घेतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की विरोधकाने बुडवलं.

तीन ते सहा

अकरा माझ्याकडून, आजच्या आज. भजनी मंडळाच्या सात जणी विचारून सांगते म्हणाल्यात. बल्ब मी घरून आणते. मंगळवारी चोरीला गेला तर चोर साठ जणांतलाच, पकडायला सोपं.

शिफ्ट बी

माझी दोन. एक माझं, एक आमच्या कोल्हापूरच्या फिटरचं. तो इथं आल्यापासून मराठी चित्रपट लागतोय का विचारतोय आणि मी त्याला तीनदा बाराची वेळ सांगितली.

देवनागरी की रोमी

माझं एक. पुढच्या मंगळवारी कोकणी, लिहून घ्या.

पणजीकर नाइलाजाने

मी येऊ शकणार नाही, पण दोघांचे पैसे पाठवतो. रिकामी खुर्ची धरा.

रोखठोक कुळागर

रिकाम्या खुर्च्या धरणार नाही. साठ माणसं बसलेली बघायची आहेत. पैसे दुसऱ्या कोणाला तिकीट काढायला देऊ. मागची रांग, तुमची किती?

मागची रांग

चार. मी, आई, शेजारच्या दोन मावश्या. रजा टाकली.

म्हणजे माझ्या हिशेबाने अठरा पक्की, भजनी मंडळाच्या सात धरल्या तर पंचवीस. आणि पणजीकरांच्या पैशात दोन.

माजी ऑपरेटर

कोणी कालनिर्णय बघितलं का? ह्या मंगळवारी अंगारकी आहे. चंद्रोदय रात्री नवाच्या पुढं. तुमचं निम्मं भजनी मंडळ उपाशी असणार आणि संध्याकाळी गणपतीच्या देवळात. भजीही खाणार नाहीत, मालकाची कढई थंड. बुधवार करा.

तीन ते सहा

काका, बुधवारी सगळ्यांकडे मासळी. ती साफ करण्यात तीन वाजतात.

अंगारकीच बरी. उपासाला दुपारचा स्वयंपाक नसतो, आणि चंद्र उगवेपर्यंत वेळ कुठं तरी काढायचाच असतो. मालकाला सांगा, त्या दिवशी भज्यांऐवजी साबुदाण्याचे वडे तळ. सात नाही, तेरा येतायत भजनातल्या. आत्ताच फोन आला.

रोखठोक कुळागर

एकतीस. पणजीकरांची दोन धरून तेहतीस. सोमवार दुपारपर्यंत मी देवळासमोरच्या चहाच्या दुकानात बसतो, रोख आणा. सुट्टे आणा.